वारा, पाणी आणि वर्ज्य वस्तू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो मंडळाच्या भगिनींनी आमच्या हाती दिला. 'घरात ठेवू नयेत अशा वस्तू' या शीर्षकाची एक छापील यादी त्यांनी आम्हांस दाखविली. खाली हवाला होता, 'चिनी फेंग शुई शास्त्रानुसार'. बंद पडलेले घड्याळ, तडा गेलेली कपबशी, निवडुंग, पलंगासमोरचा आरसा, वाळलेली फुले, मोडके फर्निचर, दिवंगतांची जुनी छायाचित्रे अशी ती यादी लांबतच गेली होती. भगिनींचा प्रश्न साधा होता : यातले खरोखर चिनी किती, आणि त्यातले आपण ऐकावे किती?

प्रश्न साधा असला तरी क्षुल्लक नाही. आपण येथे दोन हजार किलोमीटर अंतरावर राहणारी माणसे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोळची म्हणून, सासरची म्हणून सांगण्यासारख्या चार-दोन वस्तूच उरलेल्या असतात. आजोबांचे लंबकाचे घड्याळ, टवका उडालेली चिनी मातीची बरणी, पिवळी पडलेली छायाचित्रे. नेमक्या याच वस्तू त्या यादीत सापडतात. एका परिचित कुटुंबाने अशी बरणी आणि घड्याळ भंगारवाल्यास दिल्याचे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून हा विषय थोडा मुळापासून पाहावा असे आम्हांस वाटले.

'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. या विद्येचा जन्म घराच्या दिवाणखान्यात झाला नाही, स्मशानभूमीत झाला. चौथ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या ग्वो पू या पंडिताच्या नावावर 'दफनाचा ग्रंथ' सांगितला जातो. त्याचा सारांश असा की भूमीतील प्राणशक्ती, चिनी भाषेत 'ची', वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते. म्हणून पूर्वजांचे थडगे अशा जागी असावे की पाठीशी टेकडी असेल, दोन्ही बाजूंना उंचवटे असतील आणि समोर वाहते पाणी असेल. पूर्वज सुखी तर वंश सुखी, अशी ती श्रद्धा. मृतांच्या घरासाठी जो नियम तोच पुढे जिवंतांच्या घराला लागू झाला.

याचे उदाहरण पाहण्यासाठी चीनला जाण्याची आवश्यकता नाही. बजबजच्या पुढे अछिपूर येथे हुगळीच्या काठी, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात येथे येऊन साखरेचा कारखाना काढणाऱ्या अछू नावाच्या चिनी गृहस्थाचे थडगे आहे. गावाला नाव त्याचेच. ते थडगे घोड्याच्या नालाच्या आकाराचे आहे, आणि दक्षिण चीनमधील थडग्यांना हाच आकार असतो. मागे वळलेली भिंत म्हणजे टेकडी, आणि समोर नदी आहेच. बंगालच्या सपाट भूमीत टेकडी कोठून आणणार? ती विटांनी बांधावी लागली. चिनी नववर्षानंतर कोलकात्यातील चिनी मंडळी (आमच्या जिभेवर अजून कलकत्ताच येते) तेथे दर्शनास जातात.

आता दिशेकडे वळू. चिनी घर दक्षिणेकडे तोंड करून बसते. सम्राटाचे सिंहासनही दक्षिणाभिमुख असे, आणि होकायंत्राला चिनी नावच 'दक्षिण दाखविणारी सुई' असे आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात मंगोलियाकडून हाडे गोठविणारे वारे येतात. तिकडे पाठ करून सूर्याकडे तोंड करणे हा शहाणपणाच होय. आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा. आपल्या आज्या दक्षिणेकडे पाय करून झोपू देत नसत आणि दक्षिणेचे दार टाळीत. बंगाली माणूस मात्र दक्षिणेच्या वाऱ्यासाठी दक्षिणमुखी घराला मान देतो. तेव्हा एकाच भिंतीवर वास्तुशास्त्र आणि फेंग शुई ही दोन्ही टांगणाऱ्या गृहस्थाने पलंग नेमका कोठे ठेवावा, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

यादीतील काही निषेध मात्र अस्सल चिनी आहेत आणि त्यांना जुना आधार आहे. डोक्यावर तुळई येईल असा पलंग ठेवू नये. दाराकडे पाय करून झोपू नये, कारण शव त्या रीतीने बाहेर नेतात. पलंगासमोर आरसा नसावा. दाराच्या रेषेत समोरून सरळ रस्ता येत असेल तर तो 'श', म्हणजे मारक प्रवाह, मानतात आणि तेथे मंत्राक्षरे कोरलेला दगड बसवितात. बीजिंगच्या जुन्या चौसोपी घरांत दिंडीच्या आत एक आडवी भिंत उभारलेली असते, कारण भुतेखेते सरळ रेषेतच चालतात अशी समजूत. अष्टकोनी चौकटीतला 'बाग्वा' आरसा हा याच पंथातला. त्याची जागा दाराच्या बाहेर, बाहेरचे अरिष्ट परतविण्यासाठी. आपल्याकडे हौशी मंडळी तो दिवाणखान्यात लावतात. हे म्हणजे ढाल घरातल्याच माणसांवर रोखण्यासारखे झाले. हाँगकाँगमध्ये शेजाऱ्याच्या खिडकीकडे असा आरसा वळविणे हे भांडणाचे कारण ठरते.

परंतु ज्याला लोक सरसकट फेंग शुई म्हणतात त्यातला फार मोठा भाग फेंग शुईचा नव्हेच. तो आहे शब्दांचा खेळ, आणि आमच्या मते या विषयातला सर्वांत रसाळ भाग हाच. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे अनेक शब्द असतात, आणि अशुभ शब्दाशी उच्चार जुळला की बिचारी वस्तूही अशुभ ठरते. घड्याळाला 'चुंग' म्हणतात. 'घड्याळ भेट देणे' आणि 'मरणाऱ्याला शेवटची सोबत करणे' या दोहोंचा उच्चार अगदी एकच होतो, 'सुंग चुंग'. म्हणून चिनी माणसाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, घड्याळ भेट देऊ नये. छत्रीला 'सान' म्हणतात, आणि विखुरण्याच्या शब्दाचा उच्चार तसाच, केवळ सूर निराळा. नासपतीला 'ली' म्हणतात आणि वियोगालाही 'ली'. म्हणून पतिपत्नींनी एक नासपती चिरून वाटून खाऊ नये. अंगणात पुढे तुतीचे झाड लावीत नाहीत, कारण तुतीचे नाव शोकवाचक शब्दासारखे. चार हा आकडा मृत्यूच्या शब्दाच्या इतका जवळ जातो की हाँगकाँगच्या कित्येक इमारतींतून चौथा मजलाच गायब असतो. पुस्तकाचा उच्चार 'हरणे' या शब्दासारखा, म्हणून जुगाऱ्याला आपल्या आसपास पुस्तक चालत नाही. (आपल्या मंडळाच्या ग्रंथालयाकडे काही सभासद फिरकत नाहीत, त्याचे कारण हेच असावे काय, याचा कार्यवाहांनी शोध घ्यावा.)

हाच खेळ उलट बाजूनेही चालतो. वटवाघळाचे नाव 'फू', सौभाग्यालाही 'फू'. म्हणून आपल्याला ओंगळ वाटणारे वटवाघूळ चिनी बशीवर आणि रेशमावर मिरवते. मासा म्हणजे 'यू' आणि शिल्लक म्हणजेही 'यू'. म्हणून नववर्षाच्या ताटात मासा हवाच.

मराठी माणसाने याला हसू नये. आपण तरी बांगडी फुटली असे कोठे म्हणतो? ती 'वाढवतो'. नारळ फोडीत नाही, वाढवतो. घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. शब्दात अमंगळ दडलेले असते ही भीती दोन्हीकडे सारखीच. फरक इतकाच की आपण शब्द बदलतो आणि ते वस्तू बदलतात. आणि म्हणूनच या निषेधांचे भाषांतर होऊ शकत नाही. मराठी घरातल्या छत्रीला 'छत्री' म्हणतात. तिच्यात विखुरण्याचा काही संबंध नाही.

घड्याळाचा निषेध तर भेट देण्यापुरता आहे, बाळगण्याचा नाही. अठराव्या शतकातील सम्राट च्येनलुंग याला युरोपीय घड्याळांचा मोठा शौक होता आणि बीजिंगच्या राजप्रासादात त्या घड्याळांचे स्वतंत्र दालन आजही पाहावयास मिळते. मनगटी घड्याळाला तर नावच वेगळे, म्हणून ते या शापातून सुटले.

फुटक्या वाडग्याची गोष्ट वेगळी. तिच्यामागे गरिबीची भीती आहे. मिंग काळापासून चालत आलेला 'लू बान जिंग' नावाचा सुतारांचा ग्रंथ आहे; लू बान हा सुतारांचा आदिपुरुष, आपल्या विश्वकर्म्यासारखा. त्या ग्रंथात मापे आहेत, मुहूर्त आहेत, आणि शेवटी एक विलक्षण प्रकरण आहे. मालकाने मजुरी बुडविली किंवा जेवणात हात आखडला तर सुतार घराच्या सांध्यात कोणत्या वस्तू लपवून सूड घेतो, याचे ते वर्णन! त्यांत एक वस्तू आहे फुटका वाडगा आणि एकच काडी. चिनी माणूस दोन काड्यांनी जेवतो; फुटका वाडगा आणि एक काडी ही भिकाऱ्याची खूण. ती दारावर लपविली की त्या घरचे नातू भीक मागतील. पूर्वी या शहरातल्या बौबाजारात कँटनी सुतारांची मोठी ख्याती होती. त्यांच्या हातचे कपाट ज्यांच्या घरी असेल त्यांनी घाबरू नये. मजुरी चोख दिली असल्यास धोका नाही.

भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचून ठेवणे हेही असेच वर्ज्य, कारण मृतांपुढे उदबत्त्या तशा उभ्या करतात. चुलीवर चूलदेवतेचा वास असतो. ती वर्षाअखेरीस स्वर्गात जाऊन घरच्यांची चहाडी सांगते, म्हणून निघण्यापूर्वी तिच्या ओठांना गोड लावतात आणि एरवी चुलीजवळ जोडे, मळके कपडे येऊ देत नाहीत. नववर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढीत नाहीत, नशीब झाडून जाईल म्हणून. दिवेलागणीनंतर झाडू हाती घेणाऱ्या सुनेला आपल्याकडेही हेच ऐकावे लागे; मात्र आपण त्याच केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकूही वाहतो.

चिनी लोक हे सारे डोळे मिटून मानीत आले, असेही समजू नये. पहिल्या शतकात वांग छुंग नावाचा एक निर्भीड विचारवंत होऊन गेला. गृहस्थाच्या आडनावाचा ध्वनी आणि दाराची दिशा जुळली पाहिजे, असे त्या काळचे ज्योतिषी सांगत. त्यावर वांग छुंगने आपल्या 'लुनहेंग' या ग्रंथात सरळ तर्काने प्रहार केले आहेत. १९४९ नंतर तर चीनच्या भूमीवर या विद्येला अंधश्रद्धा म्हणून दूर सारण्यात आले आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ती मोडून काढण्याचा प्रयत्न झाला. ती टिकली हाँगकाँग, तैवान, सिंगापूर येथे.

मग आपल्या हातातली यादी आली कोठून? आमच्या मते तिचा प्रवास बीजिंगहून सुरू होत नाही, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून होतो. लिन युन नावाच्या गुरूंनी तेथे १९८० च्या दशकात या विद्येचे एक सुटसुटीत रूप प्रचलित केले. डोंगर, नदी, होकायंत्र हे सारे मागे पडून खोलीच्या नकाशावर अष्टकोन ठेवला की काम भागू लागले. त्यात घरातला पसारा काढून टाकण्याच्या पाश्चात्त्य हौसेची भर पडली. ज्या समाजात जुनी वस्तू दर काही वर्षांनी फेकण्याचीच सवय, तेथे 'जुने टाका' हे शास्त्र झाले. १९९० नंतर ते आपल्या बाजारात आले आणि येताना दुकान घेऊन आले. ज्याला आपण हसरा बुद्ध म्हणतो तो गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकातला बुदाई नावाचा झोळीवाला भिक्षू तो. आणि 'लकी बांबू' हा बांबूच नव्हे. ती आफ्रिकेतली ड्रसीना जातीची वनस्पती आहे. एकीकडे अमुक टाका आणि दुसरीकडे अमुक विकत घ्या, यातला दुसरा भाग दुकानदार विसरत नाही.

मृतांच्या छायाचित्रांना घरात स्थान नसावे, हे वाक्य तर कोणा जुन्या चिनी गृहस्थास वाचून दाखविले तर तो कानांवर हात ठेवील. परंपरागत चिनी घराच्या मुख्य दालनातली सर्वांत पवित्र वस्तू म्हणजे पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पट्ट्या. त्यांच्यापुढे उदबत्ती जळते, सणाला नैवेद्य ठेवतात, एप्रिलच्या आरंभी छिंगमिंगला थडगी झाडून स्वच्छ करतात. आपल्या टांग्र्यातील हक्का कुटुंबे हे सारे पाळीत आली आहेत. १९६२ च्या युद्धानंतर त्यांच्यासारख्या सुमारे तीन हजार भारतीय चिनी माणसांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. कित्येक वर्षांनी परत आल्यावर पुष्कळांना आपली घरे, दुकाने, सामान दुसऱ्यांच्या हाती गेलेले आढळले. त्यानंतर अनेकजण टोरांटोकडे, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले. वस्तू हिरावल्या गेल्याचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांच्या नावावर आपण आपल्या हाताने आजोबांचे छायाचित्र खाली उतरवावे, हे आम्हांस पटत नाही.

टोक असलेल्या वस्तू पाळण्यापासून दूर ठेवाव्यात, तडा गेलेल्या कपात पाहुण्यास चहा देऊ नये, निवडुंग मुलांच्या वाटेत नसावा. हे जरूर पाळावे. त्याला चिनी हवाल्याची आवश्यकता नाही. टवका उडालेल्या बरणीत लोणचे घालू नये, पण ती फळीवर ठेवण्यास कोणाचीच हरकत नसावी.

बंद घड्याळाविषयी ज्या भगिनींनी विचारले होते त्यांना एवढेच सांगावयाचे की राधाबाजार हा घड्याळांचा जुना बाजार आपल्या शहरातच आहे. तेथे जुनी लंबकाची घड्याळे हाताळणारा एखादा वयस्क कारागीर विचारपूस केल्यास मिळेल. जाताना लंबक काढून फडक्यात वेगळा गुंडाळावा आणि चावी न विसरता बरोबर न्यावी.