आईचे ४१ मेल आणि एकच पीडीएफ

आजचा एपिसोड छोटा आहे, पण कधीतरी नक्की उपयोगी पडेल.

गेल्या महिन्यात आईच्या डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या तीन वर्षांचे क्रिएटिनिनचे रिपोर्ट आहेत का?" लॅबचे मेल होते, पण इनबॉक्स भरला म्हणून मीच ते डाउनलोड करून डिलीट केले होते. हातात उरल्या ४१ .ईएमएल फाइल्स. मोबाइलवर एकही धड उघडेना. पोटात गोळाच आला!

घाबरू नका. ईएमएल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. अटॅचमेंट त्यातच असते, फक्त वेष बदलून. ईमेल मुळात इंग्रजी अक्षरांपुरतं बनलेलं, म्हणून १९९२ मध्ये माइम नावाचं स्टँडर्ड आलं. त्यात फाइलचे दर तीन बाइट चार अक्षरांत लिहितात. हेच बेस६४. म्हणून मेलमध्ये फाइल साधारण ३३ टक्के फुगते. टेक्स्ट एडिटरमध्ये 'जेव्हीबीईआर' अशा इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक गिचमिडा दिसला, की समजा तीच पीडीएफ.

दोन-चार मेल असतील तर कॉम्प्युटरवर थंडरबर्डमध्ये उघडा आणि अटॅचमेंट सेव्ह करा. काम झालं. जास्त असतील तर पायथॉन. त्यात 'ईमेल' मॉड्यूल आधीपासूनच असतं. फाइल बायनरी मोडमध्ये वाचायची, 'वॉक'ने एकेक भाग बघायचा, फाइलनेम असलेला भाग डीकोड करून लिहायचा. पंधरा ओळी, बस्स.

मी स्क्रिप्ट चालवली. ४१ मेल, आणि फोल्डरमध्ये पीडीएफ किती? एक! लॅब प्रत्येक फाइलला 'रिपोर्ट' हेच नाव देत होती, त्यामुळे नवी फाइल जुनीवर बसत गेली. मूळ ईएमएल शाबूत होत्या म्हणून वाचलो. मग प्रत्येक नावाआधी मेलची तारीख आणि एक क्रमांक जोडला. ३८ रिपोर्ट ओळीने उभे राहिले.

उरलेल्या तीन मेलमध्ये अटॅचमेंट नव्हतीच, नुसती लिंक होती, आणि तीही एक्स्पायर झालेली. तिथे कुठलीच स्क्रिप्ट चालत नाही.

डॉक्टरांनी ३८ आकडे ओळीने पाहिले आणि आईची एक गोळी बदलली. "इतके दिवस कुठे होते हे?" असं आईने विचारलं. काय सांगणार?

तेव्हा लिंक आली की फाइल त्याच दिवशी उतरवा. आणि मूळ ईएमएल कधीच डिलीट करू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!