चौकशी झाली, खटला नाही



23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात 114 गोवारी बांधव मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. भंडारा जिल्हा तेव्हा अविभाजित होता. पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणारा हा समाज अनुसूचित जमातीच्या सवलती मागण्यासाठी हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन गेला. पोलिसांनी लाठीमार केला, चेंगराचेंगरी झाली.

मृत्यू चेंगरून झाले, हे खरेच. परंतु हजारोंचा जमाव अडवून ठेवल्यावर, त्याला मागे सरण्यास वाट आहे की नाही हे न पाहता लाठी उगारली गेली असेल, तर त्या आदेशाची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न फौजदारी न्यायालयात विचारला जावयास हवा होता. शासनाने न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग नेमला. आयोगाने कोणालाही दोषी धरले नाही. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. शिक्षा कोणाही अधिकाऱ्यास झाली नाही.

आयोग नेमला की न्यायालय बसले, असे लोकांना वाटते. वस्तुतः 1952 च्या चौकशी आयोग कायद्याखालील अहवाल शासनावर बंधनकारक नसतो. शिवाय त्याच कायद्याच्या 6 व्या कलमानुसार, आयोगापुढे केलेले निवेदन, खोट्या साक्षीचा अपवाद सोडता, ते करणाऱ्याविरुद्ध पुढे वापरता येत नाही. संताप शमविण्याचे हे मोठे सोयीचे साधन आहे!

खटला उभा राहिला तर काय होऊ शकते, हे घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराने दाखविले. तेथे 11 जुलै 1997 रोजी गोळीबारात 10 जण मारले गेले. राज्य राखीव पोलीस दलाच्या उपनिरीक्षकास सत्र न्यायालयाने 2009 मध्ये जन्मठेप दिली. त्यालाही बारा वर्षे लागली.

आणि नुकसानभरपाई? ती सरकारी तिजोरीतून जाते. म्हणजे मृताच्या भाऊबंदांनी भरलेल्या करातूनही जाते. आदेश देणाऱ्याच्या पगारातून छदामही कापला जात नाही. ज्या कृत्याची किंमत करणाऱ्यास मोजावी लागत नाही, ते पुन्हा घडते. हे अर्थशास्त्र समजावयास पदवी लागत नाही.

कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरण्यास शासनाची मंजुरी लागते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 218 व्या कलमाने त्यासाठी 120 दिवसांची मुदत घातली आहे; ती उलटल्यास मंजुरी मिळाली असे समजले जाते. म्हणून यापुढे असा प्रसंग ओढवला, तर मोर्चेकऱ्यांनी आयोगावर समाधान मानू नये. प्रथम गुन्हा नोंदवून घ्यावा, तपास त्या पोलीस ठाण्याकडे राहू देऊ नये, आणि मंजुरीचा प्रस्ताव शासनाकडे कोणत्या तारखेस पोहोचला, हे लेखी मागून घ्यावे.