काम गावाचं, तारीखही गावाची



शाळांच्या साहससहली नेणाऱ्या आपल्या संघटनेत अध्यक्षाने व्यवसाय किती वाढला ते सांगावं, शुभेच्छा द्याव्यात आणि बसावं, अशी रीत आहे. वाढ तुम्हाला दिसतेच आहे. पाऊस ओसरला की मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांच्या बस भंडारदरा, मुळशी, कोलाडच्या वाटेला लागतात. त्यांत नोकरीनिमित्त इथे आलेल्या जर्मन, कोरियन घरांतली पोरं असतात, आणि मराठी फक्त आजीशी बोलणारी आपली पोरंही. डोंगर चढवण्यात आपण तरबेज आहोत. मला बोलायचंय ते सहलीच्या पत्रकातल्या एका ओळीबद्दल : 'ग्रामसेवा, सकाळी 9 ते 12'.

तीन तासांत काय होतं? भिंत रंगते. पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेला सूर्यमाला मिळते. काही दिवसांनी दुसरी शाळा येते आणि तिच्यावर फुलपाखरं काढून जाते. गुरुजी भिडेपोटी गप्प. फोटो पालकांच्या ग्रुपवर पोचतो, आयबी अभ्यासक्रमाच्या मुलांची 'कॅस'ची, म्हणजे सर्जन-कृती-सेवा या घटकाची, नोंद होते, आणि आपलं बिल पास होतं. तिघांचं भागलं. गावाला भिंत रंगवून हवी होती का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

साहस आणि सेवा यांतून द्यायच्या या साऱ्या शिक्षणाचा एक मूळपुरुष कुर्ट हान. हिटलरला उघड विरोध केला म्हणून 1933 साली तुरुंगात गेलेला आणि मग जर्मनी सोडावी लागलेला हा शिक्षक. स्कॉटलंडमधल्या त्याच्या गॉर्डनस्टन शाळेतली मुलं किनाऱ्यावर पहारा द्यायची. वेल्समध्ये 1962 साली सुरू झालेल्या अटलांटिक कॉलेजात तर विद्यार्थी जीवरक्षक बोटीवर काम करायचे. मुळशीचं महिंद्रा कॉलेज त्याच घराण्यातलं. बुडणारा माणूस सहलीच्या तारखा बघून बुडत नाही. म्हणून तिथे आधी सराव लागायचा, कंटाळा येईपर्यंत सराव. आपण हानचं साहस घेतलं, कंटाळा वगळला.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली ती मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात. तिथे हातात कुदळ-फावडं दिलं जायचं, ब्रश नव्हे.

आता आपल्या कॅलेंडरला जुळणारं एक काम सांगतो. भातलावणीला माणसं हवी असतात तेव्हा या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे ते जमत नाही. कापणीला मुलं हजर असतात, पण नवख्या हातात विळा द्यायची माझी तरी छाती नाही. वनराई बंधारा मात्र याच दिवसांतला. पावसाळा संपतो, ओढ्याची धार बारीक होते, तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडं शिवायची आणि विटांसारखे सांधे चुकवून थर रचत जायचं. तळाला रुंद, वर निमुळता. फटींत माती ठासायची. पाणी अडलं की आसपासच्या विहिरींना आधार मिळतो, हरभऱ्याला एखादं पाणी जास्त देता येतं. गोणी भरताना कोरियन पोराची आणि पाड्यावरच्या पोराची भाषा अडत नाही. सुतळी कोण घट्ट ओढतं यावर पैज लागते. मात्र ओढा कुठे अडवायचा आणि कधी, हे गावातलं जाणतं माणूस सांगणार. परतीचा पाऊस लांबला तर तारीखही लांबणार. शिवाय उन्हाने गोण्या विरतात, पुढच्या पुरात बंधारा वाहून जातो. म्हणजे दरवर्षी त्याच ओढ्यावर यायचं. शाळांना नेमकं हेच नको असतं. त्यांना दरवर्षी नवं गाव हवं असतं, पत्रकात शोभतं म्हणून.

त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जाण्याला काय किंमत असते, ते 2023 च्या जुलैत दिसलं. इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. मदतीला धावलेल्यांत गिर्यारोहक होते. रात्रीच्या पावसात चिखलाची चढण चढायला पायांना सवय लागते. इर्शाळगडाला जाताना कित्येक ग्रुपांनी त्या घरांत पाणी मागितलं असेल, भाकरी खाल्ली असेल. आणि आपल्या सहलीतली पोरं आजारी पडली की पाड्यावर रात्री जागतं कोण? आशाताई, पोलीस पाटील आणि ज्यांच्या पडवीत आपण पथाऱ्या पसरतो ती माणसं. सेवा घेणारे आपणच असतो, आणि आपल्या अंदाजपत्रकात त्यांच्या नावाने असतो तो फक्त जेवणाचा खर्च.

म्हणून मी एक ठराव मांडतो आहे. सेवेचं काम आणि दिवस ग्रामसभेशी बोलून ठरावेत. एका शाळेने किमान पाच वर्षं एकच गाव धरावं. आणि काम शिकवणाऱ्या गावकऱ्याला आपल्या प्रशिक्षकाइतकंच मानधन मिळावं. तारखा वर्षभर आधी ठरतात, असं शाळा म्हणतील. ठीक आहे, तारखा जुळणार नाहीत त्या वर्षी नुसते डोंगर चढा, कातळावर झोपा, तारे बघा, आणि ती 9 ते 12 ची ओळ पत्रकातून खोडा. त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

मसुदा चिटणिसांकडे आहे. मानधनाच्या कलमावर भांडण होणार हे मला ठाऊक आहे. काहींनी सकाळी चहाच्या वेळीच सुरुवात केली आहे. जेवणानंतरच्या सत्रात अध्यक्षपद उपाध्यक्षांकडे देऊन मी खाली, तुमच्यात येऊन बसणार आहे. म्हणजे मलाही त्यात पडता येईल.