पेटी जळाली, वही उरली

दुपारची भांडी उरकून तुम्ही आता जरा टेकला असाल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणाच्या हातात सुई-दोरा असेल. हात चालू ठेवा आणि ऐका. आम्ही माणदेशातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बारा जणी. आवाज एकीचा आहे, पण बोलणं बाराजणींचं आहे. काय सांगायचं ते आम्ही काल रात्री बसून ठरवलंय.

गोष्ट आमच्यातल्याच एकीची आहे. तिला आम्ही आक्का म्हणतो. तिनं सांगितलंय, "सांगा खुशाल, पण नाव घेऊ नका." म्हणून नाव घेत नाही.

गेल्या वर्षी चैत्रात, भर दुपारी, आक्काचं घर जळालं. पत्र्याचं छप्पर, खाली जुन्या तुळया, बाजूला कडब्याची गंज. वरून उन्हाळ्याचा वारा. आम्ही रानात होतो. धूर दिसला तसं पळालो. कळशा, बादल्या, जे हाताला लागलं त्यानं पाणी मारलं. बंब तालुक्याहून येईपर्यंत चार भिंती तेवढ्या उभ्या होत्या. आक्का वाचली, शेळी वाचली. शेळीचं दावं सोडताना तिचा उजवा हात भाजला. बाकी काही वाचलं नाही.

कारण पंचनाम्यात आलं, शॉर्टसर्किट. तिच्या फ्यूजला नेहमीच्या तारेऐवजी जाड तार गुंडाळलेली होती. खोटं कशाला बोलायचं, आमच्या निम्म्या घरात तेव्हा तशीच तार होती. सारखा फ्यूज जातो म्हणून कुणीतरी जाड तार घालून देतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण फ्यूज जातो तो घर वाचवायला जातो. जाड तार जळत नाही, मग आतली वायर जळते.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे. आग तासाभरात विझली. आक्काच्या मागची धावपळ सहा महिने पुरली.

आक्का कागदाची बाई. आगीच्या आधी आमच्या मीटिंगला बँकेतून एक मुलगी आली होती. तिनं सांगितलं होतं, आधार, रेशनकार्ड, सातबारा, सगळ्याचे फोटो फोनमध्ये काढून ठेवा, सरकारचं डिजिलॉकर आहे त्यात ठेवा. आक्का तिला म्हणाली, "बाई, हवेत ठेवलेला कागद मी मानत नाही. पेटीत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला, म्हणजे तो माझा." आम्ही सगळ्या हसलो. पण मनातून आमचंही तेच मत होतं.

आग लागली तेव्हा किल्ली कमरेलाच होती. पेटी जळाली.

मग सुरू झाला फेरा. फोन जळाला होता. सिमकार्ड मुलाच्या नावावर, मुलगा नवी मुंबईच्या मार्केटमध्ये माथाडी. तो आला, चार दिवस राहिला, खाडा परवडत नाही म्हणून परत गेला. आधार काढायला गेलं तर सांगितलं, ओटीपी येईल. कुठं येईल? जळलेल्या नंबरावर. दुसरं सिम घ्यायला गेलं तर म्हणाले, आधार आणा. बँकेत गेलं तर पासबुक नाही, खातं दाखवायला ओळख नाही. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लावायचा, तर उजव्या हाताला पट्टी. डावा अंगठा खुरपं धरून धरून इतका झिजलेला की मशीन तो ओळखेना. दोनदा आक्का रिकामी पिशवी घेऊन परत आली.

ती एका संध्याकाळी म्हणाली, "चाळीस वर्षं मी या गावात राहते. बामणवाड्यापासून वेशीपर्यंत कुणालाही विचारा मी कोण. आणि ते डबडं म्हणतंय, मी नाहीच."

आम्हाला काय बोलावं सुचेना. खरं तर तोवर आम्ही नको ते बरंच बोललो होतो. "जीव वाचला हे काय कमी आहे?" "झालं गेलं गंगेला मिळालं." "पुन्हा उभं करता येतं गं सगळं." एक दिवस आक्का उसळली. म्हणाली, "तुमचं घर जाळा आणि मग मला सांगा." त्यानंतर आम्ही शहाणपण सांगायचं बंद केलं.

रोज सकाळी ती जळक्या घरात जाऊन राख चाळायची. आम्हाला वाटायचं, डोक्यावर परिणाम झाला. मग आमच्यातली एक जण नुसतीच तिच्याजवळ जाऊन बसायला लागली. काही विचारायचं नाही, चहा घेऊन जायचं, बसायचं. आठवड्यानं आक्का आपणहून बोलली. ती पैसे शोधत नव्हती. आईच्या दोन लुगड्यांची गोधडी होती, तिचा एखादा तुकडा मिळतो का बघत होती. आणि मालकांचा फोटो. ते जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांचा तेवढा एकच फोटो भिंतीला होता.

मदतीचंही सांगायला पाहिजे. गावानं मदत केली, कमी पडला नाही गाव. पण काय दिलं? जुन्या साड्या. एकोणीस साड्या जमल्या. आक्काकडं तवा नव्हता, बादली नव्हती, कंगवा नव्हता, आतले कपडे नव्हते. आणि चष्मा नव्हता. दोन महिने ती कुठल्या कागदाकडं बघायची नाही, मीटिंगमध्ये गप्प बसायची. आम्ही म्हणायचो, खचली बिचारी. तिला दिसतच नव्हतं, हे आमच्यातल्या एकीलाही कळलं नाही. म्हणून सांगतो, कुणावर असा प्रसंग आला तर मनानं ठरवून काही नेऊ नका. विचारा, "आज तुला काय पाहिजे?" आणि ती काही नको म्हणाली तर सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत आपल्या हाताला काय काय लागतं ते आठवा, ते घेऊन जा.

आता फेऱ्याचा पहिला धागा कसा सुटला ते ऐका. आमच्या सचिवताईच्या घरी फडताळात गटाची फाईल असते. गटाचं खातं काढताना प्रत्येकीच्या कागदांच्या झेरॉक्स घेतल्या होत्या, त्या त्यात लावलेल्या. आम्ही विसरूनही गेलो होतो. सहज फाईल काढली, तर आक्काचं आधार, रेशनकार्ड, तिच्या पासबुकाचं पहिलं पान, सगळं तिथं. सोबत गटाची वही. आक्कानं किती बचत भरली, किती कर्ज घेतलं, किती फेडलं, महिन्यामहिन्याला तिची सही.

पासबुक जुनं होतं, नवरा-बायकोच्या नावाचं. त्या झेरॉक्सवर दोघांचे फोटो होते. फोटो कसले, काळे डाग. मालकांची टोपी तेवढी ओळखू येत होती. आक्कानं तो कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ धरून ठेवला. चष्मा नाही हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. बँकेचं काम झाल्यावर तिनं तो कागद मागून घेतला. आता तो काचेत घालून नव्या खोलीत लावलाय.

पुढची कामं त्या झेरॉक्सच्या आधारानं झाली. आधारचा नंबर कळला, तशी ती आधार केंद्रावर गेली. अंगठा उमटला नाही, पण डोळ्यांवरून ओळख पटली. मुलानं त्याच्या नावाचं सिम परत काढून आणून दिलं. रेशनच्या दुकानात तिसऱ्या वेळी आक्का एकटी गेली नाही, आम्ही पाच जणी गेलो. भांडलो नाही, नुसतं विचारलं. बोट उमटलं नाही म्हणून कुणाचं धान्य अडवायचं नाही, अशा केंद्र सरकारच्या सूचना 2017 सालापासून आहेत, हे आम्ही तालुक्यातून विचारून आलो होतो. धान्य मिळालं.

आणि सातबारा? त्याची आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती होती. तो कॉम्प्युटरवरून चहा व्हायच्या आत निघाला. आक्का त्या कागदाकडं बघत म्हणाली, "म्हणजे हवेतलं हेही खरं असतंय म्हणायचं."

पण मैत्रिणींनो, तिचा संशय अगदीच खुळा होता असं समजू नका. आगीनंतर तिच्या नव्या फोनवर कुणाचातरी फोन आला. "आक्का, तुमच्या जळीताची मदत जमा करायची आहे, फोनवर एक नंबर आलाय तो सांगा." तिचं नाव माहीत, गाव माहीत, आग लागल्याचंही माहीत. आमच्यातल्या चार जणींनी तरी तो नंबर सांगून टाकला असता. आक्का म्हणाली, "मदत देणारा माणूस दारात येतो," आणि फोन ठेवला. तिचे घरकामाला साठवलेले पैसे त्या संशयानं वाचवले. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. चुकून सांगितलाच आणि पैसे गेले, तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा.

आम्ही बारा जणी यातून एवढंच शिकलो, की आपलं सगळं एका जागी ठेवायचं नाही. नुसत्या पेटीत नाही आणि नुसत्या फोनमध्येही नाही. पेटी जळते, फोन फुटतो, हरवतो. दुसऱ्या घरात ठेवलेला कागद आणि आपल्याला ओळखणारी माणसं, हे दोन्ही लागतं.

म्हणून आमच्या गटात आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुम्हीही तुमच्या मीटिंगला काढा.

प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स दोन ठिकाणी. एक गटाच्या फायलीत, एक माहेरी किंवा लेकीकडं. झेरॉक्सवर आडवं लिहायचं, 'फक्त गटाच्या कामासाठी', आणि तारीख घालून सही करायची, म्हणजे दुसरीकडं कुणी वापरणार नाही. फोटो फोनमध्येही काढायचे. आधारचा नंबर आणि घरातल्या दोन माणसांचे फोन नंबर वहीत लिहायचे. सिम शक्यतो आपल्याच नावाचं घ्यायचं. आणि भिंतीवरच्या जुन्या फोटोचाही मोबाईलवर एक फोटो काढून लेकरांना पाठवून ठेवायचा. हे आक्कानं खास सांगायला लावलंय.

आग लागलीच तर आधी माणसं बाहेर, मग जनावरं. सामानासाठी आत परतायचं नाही. धूर असेल तर वाकून, रांगत बाहेर पडायचं. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. विजेची आग असेल तर मेन स्विच बंद होईपर्यंत पाणी मारायचं नाही, कोरडी माती टाकायची. भाजलं तर साधं गार पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. बंबाला 101, कुठल्याही संकटाला 112, अँब्युलन्सला 108, आणि गॅसचा वास आला तर 1906.

आग विझल्यावर राख आवरायची घाई करू नका. आधी फोटो काढा, तलाठी भाऊसाहेबांना कळवून पंचनामा करून घ्या, पोलिसांत नोंद करा, दोन्हीची प्रत मागून घ्या. आधारबद्दल विचारायचं असेल तर 1947 ला फोन लावा. स्वातंत्र्याचं साल आहे, विसरणार नाही.

आणि जळक्या नोटा टाकून देऊ नका. आक्काच्या डब्यात नोटांचा गठ्ठा होता, कोळसा झालेला. इथल्या बँकेनं घेतला नाही. इतक्या जळलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्याच कार्यालयात तपासतात. आम्ही गठ्ठा न सोडवता, तसाच कापसात ठेवून डब्यात बंद केला आणि मुलानं तो मुंबईला नेला. सगळे पैसे मिळाले नाहीत, पण काही मिळाले.

सगळ्यांनी फ्यूजची तार तपासा. आज, हा कार्यक्रम संपल्यावर. आमच्या गटानं वायरमन बोलावून बाराही घरं एका दिवसात तपासून घेतली.

आक्काची खोली आता उभी आहे. एकच खोली, वर पत्रा. गोधडीचा तुकडा काही सापडला नाही. तो सापडणार नाही, हे तिनं आता मान्य केलंय. पण चैत्र आला, वारा सुटला, की ती अजून रात्री उठून बाहेर येते आणि पत्र्याकडं बघत उभी राहते. शेजारचीला चाहूल लागली तर तीही उठते. दोघी जरा वेळ ओट्यावर बसतात, मग आत जातात. हे किती वर्षं चालेल माहीत नाही. चालेल तितकं चालू दे.

गेल्या महिन्यापासून गटाची शिल्लक मोठ्यानं वाचून दाखवायचं काम आम्ही आक्काला दिलंय. नवा चष्मा लावून ती वाचते. पुढच्या मीटिंगला प्रत्येकीनं झेरॉक्स आणायच्यात, विसरायचं नाही, असं शेवटी दम देऊन सांगते. तुमच्याही गटाला तिचा तोच निरोप आहे.

पुढच्या बुधवारी याच वेळेला भेटू, तेव्हा पावसाळ्याआधी शेळ्यांना कुठल्या लसी द्यायच्या ते ऐकू. नमस्कार.