आमचाही चहा सांगा

मी उमापूरहून बोलतेय, गेवराई तालुका. बचत गटांची समन्वयक म्हणून माझं काम गावोगाव फिरायचं. आज कर्जाचे हप्ते, व्याज, रजिस्टर यांतलं काहीच सांगणार नाही. आज हॉटेलाबद्दल बोलायचंय. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

हॉटेल म्हटलं की शहरातल्या माणसाला मुक्कामाची खोली आठवते. आपल्याकडं हॉटेल म्हणजे चहाचं. पुढं भट्टी, कढईत भजी, दोन-चार बाकडी, भिंतीला टीव्ही आणि चार जणांच्या हातात वाटून घेतलेला एक पेपर. परदेशात गल्लीगल्लीत पब असतो तसं आपलं हे हॉटेल. तिथं बिअर, इथं चहा, पण बाकी काम तेच. कापूस काय भावानं गेला, कॅनॉलला पाणी कधी सुटणार, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, सरपंचाचं काय बिनसलं, सगळं तिथंच कळतं. ग्रामसभेत जे रीतसर मांडलं जातं ते बहुतेक वेळा आधी हॉटेलात ठरलेलं असतं. ग्रामसभेला बाया येतात, त्यांच्या सह्या घेतात. हॉटेलात कुणी बाईला बोलावत नाही, आणि तिथल्या बोलण्याचं इतिवृत्तही कुणी लिहीत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम गावात येतो. तो बसतो कुठं? हॉटेलात. उचलीची बोलणी तिथंच होतात. कोयता म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. म्हणजे मोजताना बाई अर्धी धरलेली आहे. पण उचल किती, कोणत्या कारखान्यावर जायचं, गाडी कोणती, मधेच यावं लागलं तर फिटायचं कसं, हे ठरवायला बसतो तो एकटा गडी. चहा होतो, पैसे त्याच्या हातात पडतात, आणि संध्याकाळी चुलीपुढं बाईला कळतं की यंदा कर्नाटकात जायचंय. सहा महिने तिनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर वाहून गाडीत टाकायच्या, आणि तिच्या अर्ध्या कोयत्याचा सौदा तिच्या माघारी झालेला. म्हणून म्हणते, हॉटेलात बसणं ही चैनीची गोष्ट नाही.

मग बाई बाजारात तहानलेली कुठं बसते? एसटी स्टँडवर, नाही तर देवळाच्या ओट्यावर, नाही तर ओळखीच्या भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर. नवरा सोबत असेल तर फॅमिली रूममध्ये. ती खोली तुम्ही पाहिलीच असेल. मागच्या बाजूला, पडदा लावलेली, पंखा असला तर असला, आणि टेबल पुसायला पोरगा येईपर्यंत चहा गार. फॅमिली या शब्दाचा अर्थ आपल्याकडं बाई असा झालाय. ‘फॅमिली हाय का संगं?’ म्हणजे बायको आहे का सोबत.

आमच्या एका गटानं बँकेच्या दिवशी ठरवलं, की काम झाल्यावर सगळ्यांनी मिळून हॉटेलात चहा घ्यायचा, आणि पुढच्या बाकड्यावर बसून घ्यायचा. सात जणी होतो. हॉटेलवाले भाऊ भले. लगेच म्हणाले, “वैनी, आत बसा ना, आत फॅमिलीची सोय हाय.” आमच्यातल्या मावशी म्हणाल्या, “आत लई गरम होतंय, हितंच बरं.” एवढंच बोलल्या. भांडण नाही, भाषण नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी धोतर सावरून बाकडं मोकळं करून दिलं. जरा वेळ सगळं हॉटेल गप्प. टीव्हीवरची बाई तेवढी बोलत होती.

आणि खरी गंमत पुढं. चहा सांगायचा कुणी? आमच्यात एक ताई आहे, तीन बांध पलीकडच्या माणसाला हाक मारते आणि तो थांबतो. तिच्या तोंडातून ‘सात चहा’ निघेना. पदर नीट करते, शेजारणीला कोपरानं ढोसते, म्हणते तूच सांग. शेवटी सर्वांत लहान पोरीनं सांगितलं, तेही भजीसकट. चहा आल्यावर दुसरा प्रश्न, बशीत ओतून प्यायचा की कपानं? घरी सगळ्या बशीनं पितो, तिथं सगळ्या कपानं प्यायलो आणि जिभा भाजून घेतल्या. पुढच्या वेळी मात्र मावशींनी पहिला घोट बशीतूनच घेतला, चांगला आवाज करून.

पैसे द्यायला गेलो तर कळलं, बिल दिलंय. कोपऱ्यात एकीचे भाऊजी बसले होते, त्यांनी परस्पर देऊन टाकलं. मानानंच दिलं, त्यात शंका नाही. पण आमच्यात त्यावर घरी येईपर्यंत वाद झाला. एक म्हणाली, पाहुणचार आहे, घ्यावा. दुसरी म्हणाली, मग आपण गिऱ्हाईक कसल्या, पाहुण्याच झालो की. मला दुसरीचं पटलं. गिऱ्हाईक म्हटलं की त्याला चहा पातळ झालाय असं सांगता येतं, कप विसळून दे म्हणता येतं, सुट्टे परत मागता येतात. पाहुण्याला यातलं काही करता येत नाही. तेव्हापासून चहा सांगतानाच पैसे द्यायचे असं ठरलं.

सगळं गोडच झालं असं सांगणार नाही. एकीच्या सासूनं दुसऱ्या दिवशी विचारलं, “घरात चहापत्ती संपली व्हती का?” ती दोन महिने आली नाही. आणखी एक जण येते, पण चहा घेत नाही, पाणीही पीत नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी घरून निघालं की संध्याकाळपर्यंत बाईला जायला जागा नाही. गडी कुठंही आडोशाला जातो. म्हणून बाई तहान मारते, आणि मग लघवीला आग, ताप, दवाखाना. हॉटेलवाल्या भाऊंना आम्ही हेच म्हणालो की पडद्याच्या खोलीपेक्षा मागं एक संडास बांधा, नळ आणि आतून कडी लागणारा. ते म्हणाले, जागा नाही. बोलणं अजून चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, चहाच्या कपासाठी एवढं कशाला? तर एक जुनी गोष्ट सांगते, कोल्हापूरची. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे दलित समाजातले सेवक होते. पाण्याला शिवल्यावरून त्यांना जबर मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत दिली. त्यांनी हॉटेल काढलं, सत्यसुधारक हॉटेल. स्वच्छता चांगली, चहा चांगला, पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा प्यायचा कुणी? महाराजांना हे कळलं. त्यांनी काय करावं? हुकूम काढला नाही. आपली गाडी त्या हॉटेलापुढं उभी केली आणि गंगारामांना चहा मागितला. चारचौघांत स्वतः प्यायले, सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजला. एका गिऱ्हाइकानं एवढं होतं. अर्थात गिऱ्हाईक राजा होता, हेही खरं. आपण सात जणी लागतो.

पुढं देशाची घटना झाली तेव्हा डॉ. बाबासाहेबांच्या आणि त्यांच्या सोबतच्यांच्या डोळ्यांपुढं असली हॉटेलं होतीच. घटनेचं १५ वं कलम काढून बघा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तळी, घाट, रस्ते, यांतून धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही असं त्यात आहे. जातीबरोबर लिंगही आहे, म्हणजे आपणही आलो. २६ जानेवारी १९५० पासून हा कायदा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं तर अस्पृश्यतेवरून हॉटेलात कुणाला वेगळा कप ठेवणं, आत न घेणं हा गुन्हा ठरवला. आपल्या गटात सगळ्या जातींच्या बाया आहेत. बाकड्यावर बसताना कोण कुणाशेजारी बसतं आणि कपबशी कशी फिरते, याकडं माझं लक्ष असतं. तुमचंही असू द्या.

आणि हे आपल्याच मागासलेपणाचं आहे असं समजू नका. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटवर, जिथं सगळ्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या होत्या, एल व्हिनो नावाचा वाइनचा बार होता. पत्रकार, वकील तिथं उभं राहून पीत आणि बातम्या तिथंच फिरत. बाईला मात्र काउंटरपाशी उभं राहून काही मिळत नसे. मागच्या खोलीत टेबलावर बसा, तिथं आणून देऊ. म्हणजे त्यांचीही फॅमिली रूमच! टेस गिल आणि ॲना कूट या दोघी, एक वकील आणि एक पत्रकार, कोर्टात गेल्या आणि १९८२ साली जिंकल्या. त्याआधी १९६५ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर या दोघींनी बारच्या दांडीला स्वतःला साखळीनं बांधून घेतलं होतं, कारण तिथल्या कायद्यानं बाईला सार्वजनिक बारमध्ये पेय द्यायलाच बंदी होती. तो कायदा १९७० मध्ये बदलला. त्या बायांना दारूचं वेड होतं असं नाही. गावाच्या गोष्टी जिथं ठरतात तिथं त्यांना उभं राहायचं होतं.

एका बैठकीत हे सांगितलं तर एकीनं पटकन विचारलं, “म्हंजी आता आमी परमिट रूममधी बी बसायचं का?” सगळ्या हसल्या, पण प्रश्न चांगला आहे. परमिट रूम हे नाव कुठून आलं? आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि त्यानुसार पिणाऱ्याकडं परवाना, म्हणजे परमिट, लागतं. बिअरला वय २१ पूर्ण आणि देशी-विदेशी दारूला २५. किती जणांच्या खिशात परमिट असतं आणि वय कोण विचारतं, ते तुम्हीच सांगा. त्या जागेचा आपला अनुभव बाहेरून आहे. रात्री दाराशी जाऊन पोराला आत पाठवायचं, ‘आबाला बोलव’ म्हणून. उचलीचे पैसे हॉटेलातून निघून घरी यायच्या आधी तिथं अर्धे होतात, हेही आपण पाहिलंय.

त्याबद्दलही एक नियम आहे, तो नीट समजून घ्या, कारण अर्धवट माहितीनं गावं हरतात. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद. पण मेख इथं आहे. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी पुरत नाहीत. गावात हजार बाया मतदार असतील तर ५०१ मतं हवीत. ज्या बाया घरी बसल्या त्या उभ्या बाटलीच्याच बाजूनं मोजल्यासारख्या. म्हणून मतदानाची तारीख ऊसतोडीच्या दिवसांत आली तर निम्मं गाव फडावर आणि मोजणीत हार ठरलेली, हे अर्ज देतानाच ध्यानात घ्या. आणि हा नियम फक्त परवाना असलेल्या दुकानाला लागतो. हातभट्टी मुळातच बेकायदा आहे, तिला मतदान कशाला? तिथं थेट पोलीस किंवा राज्य उत्पादन शुल्क विभाग.

आता पुन्हा चहाकडं. काही गट विचारतात, आपणच हॉटेल का काढू नये? काढा की. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. शिवभोजनाची केंद्रं २०२० पासून सुरू झाली, त्यांतलीही कितीतरी बचत गटांनी चालवली. फक्त एक सांगते. हॉटेल काढलं आणि आतली बाई रांधतेय, गल्ल्यावर नवरा आणि बाकड्यावर सगळे गडी, असं होऊ देऊ नका. पुढचं एक बाकडं बायांसाठी मोकळं ठेवा, पडदा न लावता.

दसरा जवळ आलाय. मुकादम येतील. ज्या घरातून कोयता जाणार आहे, त्या घरच्या बाईनं यंदा बोलणीला हॉटेलात सोबत जायचं, असं आमच्या गटांनी ठरवलंय. नवऱ्याशी आधी घरी बोलून घ्या, तिथं जाऊन तोंडावर पाडू नका. विचारायचं काय, तेही सांगते. उचल किती आणि कोणाच्या नावावर लिहिली? टनाला भाव काय धरला? २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली आहे, ती धरली का? बाळंतपण किंवा आजारपण आलं तर खाडा किती? कागदावर अंगठा कुणाचा, आणि कागदाची एक प्रत आपल्याकडं का नाही? ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र दोघांचंही काढून घ्या, एकट्या गड्याचं नको.

एकटीला अवघड वाटलं तर गटातल्या दोघी शेजारच्या बाकड्यावर बसतील. त्यांचा चहा गटाच्या खर्चातून. रजिस्टरला ‘बैठक खर्च’ म्हणून लिहा, तीन चहा, तीस रुपये.