तारीख कोणी काढली?
(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



मुहूर्त पाहून सिझर करून घेणाऱ्या बाईला हसणं सोपं आहे. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली. त्याच दिवशी बाळ व्हावं म्हणून कुटुंबांनी डॉक्टरांना गळ घातल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. आपल्याकडेही अमावास्या नको, पितृपक्ष नको, मूळ नक्षत्र नको, हे चालतंच. पण ती तारीख काढली कोणी, हे बातमीत नसतं.

बैठकांमध्ये मी हे विचारते. कुणाच्या सासऱ्यांनी पंचांग पाहिलेलं असतं. कुठे डॉक्टर रविवारी नसतात, म्हणून शनिवारीच उरकलेलं असतं. आणि बाई सांगताना काय म्हणते? "माझं सिझर झालं." पाऊस झाला, तसं. कुणी केलं, का केलं, हे त्या वाक्यात येतच नाही.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरातली सुमारे १८ बाळंतपणं सिझरने झाली, खाजगीत ३९. बाईची हाडं दवाखाना बदलला म्हणून बदलत नाहीत. अवघडलेल्या बायका तर शेवटी मोठ्या सरकारी रुग्णालयातच धाडल्या जातात.

मात्र "निसर्गावर सोडा" ही घोषणा आपण देऊ नये, असं माझं मत आहे. रक्तदाब वाढला, पाणी जाऊन बराच वेळ झाला, दिवस उलटून गेले, तर औषधाने कळा आणणं जीव वाचवतं. २०१८ मध्ये अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांमध्ये शंभरात सुमारे १९ सिझर झाली, वाट पाहिलेल्यांमध्ये २२. पण तिथे प्रत्येकीला विचारून घेतलं होतं, आठवडे सोनोग्राफीने पक्के केले होते, देखरेख होती. आपल्याकडे पाळीची तारीखही अंदाजाने सांगितली जाते. त्यावर मुहूर्त काढून ३७ व्या आठवड्यात बाळ बाहेर घेतलं, तर त्याला श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. आणि घरी येऊन कळांची सुई दंडात टोचणं तर फार धोक्याचं. सलाईनमधलं औषध कमी करता येतं, बंद करता येतं. टोचलेलं परत काढता येत नाही. गर्भाशय फाटू शकतं.

काही जणी स्वतःच सिझर मागतात. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रसूतिकक्षातली थप्पड, "तेव्हा नाही ओरडलीस" हे बोलणं, जवळ आपलं माणूस नाही. त्यापेक्षा पोट कापलेलं बरं, असं जिला वाटतं तिने निवड केली असं मी म्हणणार नाही. तिला तिथून पळायचं होतं.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक सोबतीण राहू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे. गावातल्या आशाताईला सोबत घेऊन ते मागा. तारीख दिली, तर कारण कागदावर लिहून मागा: किती आठवडे भरले, थांबलं तर काय होईल. बाईला एकटीला बसवून, सासू-नवऱ्याला बाहेर ठेवून विचारा, असंही सांगा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या भागातल्या दवाखान्यांची नावं आणावीत. गेल्या वर्षी किती बाळंतपणं झाली आणि त्यांत सिझर किती, हे आपण तिघी-चौघींनी मिळून जाऊन विचारायचं आहे.