विधुर पिता आणि धर्मांतरित मुले



आपण धम्मदीक्षा घेतलीत. गावी राहिलेल्या वडिलांनी मात्र देव्हारा सोडला नाही. आई होती तोवर तिच्या मुखाने निरोप येत-जात होते. ती गेली आणि अबोला पक्का झाला. आता काही सुशिक्षित तरुण मला विचारतात, 'धर्म निराळा झाल्यावर वडिलांचा भार आमच्यावर कसा?' हा प्रश्न बौद्धाच्या तोंडी शोभत नाही.

कायदा स्पष्ट आहे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याचे नाव अनेकांना रुचत नाही, मलाही नाही. पण त्याच्या कलम २० अन्वये स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ अशा वृद्ध पित्याचा भार मुलाप्रमाणे मुलीवरही आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तर धर्माचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथेही न्यायाधिकरण सुनावणीपूर्वी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते.

परंतु दरमहा रक्कम पोचती केली म्हणजे नाते जुळले, असे नव्हे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मुलांची पाच कर्तव्ये सांगितली आणि मातापित्यांचीही पाच सांगितली. योग्य वेळी वारसा स्वाधीन करणे हे त्यांपैकीच एक. तेव्हा वडीलधाऱ्यांनीही रागाच्या भरात मृत्युपत्र करू नये.

तुम्ही आधी त्यांच्या घरी जा. नातवंडांना बरोबर न्या. देव्हाऱ्यावरून वाद घालू नका. बावीस प्रतिज्ञा तुम्ही घेतल्या आहेत, त्यांनी नव्हे. आणि आईच्या पुण्यानुमोदनाला त्यांना पत्रिका धाडू नका, स्वतः जाऊन घेऊन या.